पाहुण्यांसाठी भाजलेली फळं आणि वितळलेलं चीज: फळं आधी, चीज शेवटी

मऊ चीजची अख्खी गोल चकती, तिच्यावर भाजून गडद झालेली फळं, थोडा मध, मूठभर अक्रोड आणि बाजूला पावाचे कुरकुरीत काप. हे स्टार्टर दिसतं थाटाचं, कष्ट मात्र बेताचेच. तरीही ते बऱ्याचदा फसतं आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: चीज आणि फळं एकाच भांड्यात घालून एकदमच ओव्हनमध्ये ढकलली जातात.

दोघांची गरज वेगळी आहे. फळातलं पाणी आटून गोडी एकवटायला २०० अंश सेल्सिअसला वीस-पंचवीस मिनिटं तरी हवीत. २५० ग्रॅमच्या मऊ चीजला १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं पुरतात. एकत्र भाजलं की फळ अर्धकच्चं राहतं आणि त्याचं पाणी चीजवर सुटतं, नाहीतर फळ होईपर्यंत चीज फाटून तुपकट होतं. म्हणून या लेखात एकच सूत्र धरलं आहे. फळं आधी भाजून ठेवायची, अगदी दुपारीच भाजली तरी चालतील. चीज मात्र पाहुणे घरात येऊन बसल्यावरच ओव्हनमध्ये घालायचं.

चीज कोणतं घ्यावं

ब्री किंवा कामांबेर. दोन्ही मूळची फ्रान्सची. ब्री पॅरिसच्या पूर्वेच्या भागातलं, कामांबेर नॉर्मंडीतलं. दोघांनाही पांढरी, मखमली साल असते. ती पेनिसिलियम जातीच्या बुरशीची असते आणि खायची असते. भाजायला कामांबेरचा आकार फार सोयीचा: साधारण २५० ग्रॅम वजन, अकरा सेंटिमीटरच्या आसपास व्यास. ब्री मोठ्या आकारात बनतं आणि बहुतेकदा त्रिकोणी तुकडे करून विकलं जातं, पण त्याच्याही लहान अख्ख्या चकत्या मिळतात. तीच घ्या. त्रिकोणी तुकड्याला कापलेल्या बाजूंनी साल नसते, त्यामुळे गरम झाल्यावर तो तिथूनच वाहून जातो. तुकडाच हाताशी असेल तर तो नेमका बसेल अशा छोट्या खोलगट भांड्यात दाबून बसवा.

ही चीज इतकी छान का वितळतात, हे माहीत असलं की निवड सोपी होते. चीज मुरत असताना वरची बुरशी त्यातलं आम्ल खात जाते. आंबटपणा बाहेरून आतल्या दिशेने कमी होतो, प्रथिनांची घट्ट वीण सैल पडते आणि सालीजवळचा भाग आधी मऊ होतो. म्हणूनच कमी मुरलेली ब्री कापली तर मध्यभागी खडूसारखा पांढरा, भुसभुशीत पट्टा दिसतो. तो पट्टा भाजल्यावरही पूर्ण सैल होत नाही. फेटा आणि ताजं गोट चीज गरम झाल्यावर मऊ होतं, पण वाहत नाही. हलूमी तर तापल्या तव्यावरही आकार सोडत नाही. या लेखातल्या मुख्य पदार्थाला ती चालणार नाहीत.

विकत घेताना वेष्टनावरूनच मधोमध अंगठ्याने हलकं दाबून बघा. कडा आणि मध्य सारखेच लवचिक लागले तर ते भाजायला योग्य. मध्य कडक लागला तर फ्रीजमध्ये आणखी काही दिवस राहू द्या. उघडल्यावर नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ते जास्त मुरलेलं आहे. गरम केल्यावर तो वास आणखी भडकतो, तेव्हा असं चीज पाहुण्यांपुढे नको.

वेष्टनावर कधी ‘डबल क्रीम’, कधी ‘ट्रिपल क्रीम’ लिहिलेलं असतं. ट्रिपल क्रीममध्ये पाणी वगळून उरलेल्या घन भागात किमान ७५ टक्के स्निग्धांश असतो. थंड खायला ते अप्रतिम, पण भाजताना लवकर तूप सोडतं. साधं किंवा डबल क्रीमच बरं.

प्रमाण: इतर खाणं असेल तर २५० ग्रॅम सहा जणांना पुरतं. बारा जण असतील तर मोठी चकती आणू नका, दोन लहान आणा. किलोभराच्या चकतीचा मध्य गरम होईपर्यंत कडा उकळायला लागतात. शिवाय दोन चकत्यांचा दुसरा फायदा असा की पहिली टेबलावर गेली की दुसरी ओव्हनमध्ये जाते आणि उशिरा आलेल्यांनाही गरम मिळतं.

पाहुण्यांना आधी विचारायच्या गोष्टी

पारंपरिक पद्धतीच्या अनेक युरोपीय चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. पाहुणे शाकाहारी असतील तर वेष्टनावर मायक्रोबियल किंवा व्हेजिटेरियन रेनेट लिहिलंय ना, ते बघून घ्या. कुणी गरोदर असेल तर मऊ, साल असलेलं चीज आतपर्यंत वाफाळेल इतकं गरम झालं पाहिजे, कारण त्यात लिस्टेरिया जिवाणूचा धोका असतो. खाली सांगितलेल्या वेळेत मध्य नुसता कोमट-गरम होतो, तेवढ्यावर विसंबू नका. अशा पाहुण्यांसाठी वेगळं काहीतरी ठेवणंच सोयीचं. सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर अक्रोड वर न घालता वेगळ्या वाटीत द्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, मग तो ओव्हनमधून निघालेला का असेना.

फळं

माझी पहिली पसंती बिनबियांच्या काळ्या किंवा लाल द्राक्षांना. ती स्वस्त-महाग कशीही असोत, चिरायची नाहीत, सोलायची नाहीत, काळी पडायची भीती नाही. भाजल्यावर त्यांचा जो घट्ट, किंचित आंबट रस सुटतो, तो चीजच्या स्निग्धपणाला अचूक कापतो. २५० ग्रॅम चीजला ३०० ग्रॅम द्राक्षं घ्या. ढीग वाटेल, पण भाजून निम्म्यावर येतात.

नासपती घ्यायची तर किंचित कडकच घ्या. पूर्ण पिकलेलीचा ओव्हनमध्ये लगदा होतो. सफरचंद आंबटगोड जातीचं हवं आणि त्याच्या फोडी सेंटिमीटरभर जाड. पीच, आलुबुखार, ताजे जर्दाळू अर्धे करून बी काढा आणि कापलेली बाजू वर ठेवून भाजा, म्हणजे रस वाटीत साठावा तसा तिथेच आटतो. अंजीर राजस फळ, पण नाजूक. त्याला बारा मिनिटांहून जास्त ठेवू नका.

सुके अंजीर, जर्दाळू किंवा क्रॅनबेरी वापरता येतात, फक्त ओव्हनमध्ये कोरडी घालू नका. बारीक चिरून गरम पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात वीस मिनिटं भिजवा आणि मग छोट्या पातेल्यात मधाबरोबर दोन-तीन मिनिटं शिजवा. त्यांना भाजायची गरजच नाही. ऐनवेळी पाहुणे येणार असतील तेव्हा हीच वाट धरावी.

कलिंगड आणि खरबूज नकोत, त्यांच्यात पाण्याशिवाय आटवायला फारसं काही नसतं. अननस, किवी आणि पपई यांच्याबद्दल थोडी सावधगिरी: ही फळं कच्ची असताना त्यांच्यातली विकरं दुधातली प्रथिनं तोडतात आणि त्यांच्यासोबत थोडा वेळ राहिलेलं चीज कडवट लागतं. उष्णतेने ही विकरं निकामी होतात. त्यामुळे नीट भाजलेला अननस चीजवर खुशाल घाला, किवीचे ताजे काप मात्र सजावटीलाही नकोत.

द्राक्षं भाजणं

ओव्हन २०० अंशांवर आधीच तापवून घ्या. पंख्याचा ओव्हन असेल तर १८०. द्राक्षं धुऊन फडक्यावर पसरा आणि खरोखर कोरडी होऊ द्या. ओली राहिली तर पहिली दहा मिनिटं ती भाजत नाहीत, वाफेवर शिजतात. ट्रेवर बटर पेपर न घालता थेट द्राक्षं पसरा, एकाच थरात, दाटी न करता. वर एक मोठा चमचा ऑलिव्ह ऑइल, दोन चिमूट मीठ, थाइमच्या दोन-तीन काड्या किंवा रोजमेरीची एक छोटी डहाळी. रोजमेरीचा हात आखडताच ठेवा, तिचा वास बाकी सगळ्यावर चढतो. साखर आणि मध आत्ता मुळीच नको. मधातलं फ्रुक्टोज फार लवकर करपतं आणि फळ होईपर्यंत ट्रेवर काळा, कडू थर उरतो.

पहिली दहा मिनिटं काही घडत नाही असं वाटेल. द्राक्षं नुसती चकाकतात. मग देठाच्या बाजूने साल सुरकुतायला लागते, एखादं द्राक्ष फुटतं आणि तेलात रस पडल्याचा चर्र आवाज येतो. पंधराव्या मिनिटाला ट्रे हलवून द्राक्षं फिरवून घ्या. विसाव्या मिनिटाच्या सुमारास ट्रेच्या कडेला बघा: जांभळा रस पातळ वाहत असेल तर अजून वेळ आहे. रसाचे बुडबुडे मोठे, संथ झाले आणि कडेला तो गडद तपकिरी दिसू लागला की झालं. निम्मी द्राक्षं फुटलेली आणि निम्मी सुरकुतून टिकलेली असावीत. सगळी फुटेपर्यंत थांबलात तर जाम होईल. तोही वाईट लागत नाही, पण दिसायला ही द्राक्षं जास्त देखणी.

ट्रे बाहेर काढल्या काढल्या, तो गरम असतानाच, त्यावर दोन छोटे चमचे बाल्सॅमिक व्हिनेगर आणि एक मोठा चमचा मध घाला आणि लाकडी उलथन्याने तळाला चिकटलेला रस खरवडून द्राक्षांत मिसळा. चव तिथेच आहे, बटर पेपर म्हणूनच नको होता. बाल्सॅमिक नसेल तर लिंबाचा रस एक छोटा चमचा. थंड झाल्यावर डब्यात भरून ठेवा. फ्रीजमध्ये तीन दिवस सहज टिकतात.

ओव्हन तापलेलाच आहे, तेव्हा तो १८० वर आणून ४० ग्रॅम अक्रोड सहा-सात मिनिटं भाजून घ्या. वास सुटला की लगेच काढा. रंग बदलायची वाट बघितली तर बाहेर आल्यावर स्वतःच्याच उष्णतेने ते पुढे करपतात.

फळं मायक्रोवेव्हमध्ये भाजायचा विचार मनात आला असेल तर द्राक्षांपुरता तो सोडा. एकमेकांना चिकटलेली द्राक्षं मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या सोडतात. दोन द्राक्षं टेकतात त्या जागी सूक्ष्मलहरींची ऊर्जा एकवटते आणि प्लाझ्मा तयार होतो, असं २०१९ मध्ये कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. विज्ञान म्हणून गमतीचं आहे, यंत्रासाठी नाही. मायक्रोवेव्हला कन्व्हेक्शनची सोय असेल तर ती वापरा, काहीच अडचण नाही.

चीजची तयारी आणि भाजणं

चिरा देण्याचं काम चीज फ्रीजमधून काढल्याबरोबर करा. थंड असताना साल सुरीखाली ताठ राहते, मऊ पडल्यावर ती ओढली जाते आणि फाटते. वेष्टनाचा प्रत्येक कागद काढा. तळाला बऱ्याचदा मेणकागद चिकटलेला असतो आणि तो नजरेतून सुटतो. मग धारदार सुरीने वरच्या बाजूला दोन-दोन सेंटिमीटरवर आडव्या-उभ्या चिरा द्या, खोली एक सेंटिमीटर. बाजूंना आणि तळाला हात लावू नका. ती अख्खी साल म्हणजेच तुमचं भांडं. काही जण वरची साल झाकणासारखी पूर्ण कापून टाकतात. पाव बुडवायला ते सोपं पडतं, पण चीज पटकन कोरडं होतं आणि सालीची अळंब्यासारखी चव हातची जाते. मला चिराच पटतात.

चिरांमध्ये थाइमची पानं खोचा. बऱ्याच कृतींमध्ये इथे लसणाचे काप भरायला सांगतात. बारा मिनिटांत लसूण कच्चाच राहतो आणि फळांशी त्याचं जमतही नाही, तेव्हा तो मोह नको.

चीज लाकडी डबीत आलं असेल तर डबीतच भाजायची पद्धत आहे, पण डबी गोंदाने चिकटवलेली असेल तर ओव्हनमध्ये ती सुटते. स्टेपल केलेलीच चालते. त्यापेक्षा चकतीहून एखाद-दोन सेंटिमीटर मोठं, जाड बुडाचं सिरॅमिक किंवा बिडाचं भांडं घ्या. ते टेबलावर उष्णता धरून ठेवतं आणि चीजला जास्त वेळ मऊ ठेवतं. तळाला बटर पेपरचा गोल तुकडा घाला. चीज अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्या.

ओव्हन १८० अंश, मधला कप्पा. लहान ओटीजीमध्ये वरची कांडी जवळ असल्याने साल लवकर तपकिरी होते. तसं दिसलं तर वर फॉइल सैलसर टाका. दहाव्या मिनिटापासून लक्ष ठेवा. घड्याळापेक्षा बोटावर भरवसा ठेवा: चमच्याच्या पाठीने मध्यभागी दाबलं की खाली पाणी भरलेल्या फुग्यासारखं हलायला हवं. बाजू किंचित फुगलेल्या दिसतील, चिरा उघडून त्यातून चकचकीत चीज वर आलेलं दिसेल. तेवढ्यावर बाहेर काढा. आणखी ठेवलं तर प्रथिनं आकसतात, चरबी बाहेर फेकली जाते आणि कडेला पिवळ्या तेलाचं तळं साचतं. थोडंच तेल सुटलं असेल तर टिश्यूने टिपून घ्या, कुणाला कळणार नाही. चीज दाणेदार झालं असेल तर मात्र ते परत एकजीव होत नाही.

तीन-चार मिनिटं थांबा. लगेच कापलं तर सगळं एकाच वेळी पसरतं. तेवढ्यात द्राक्षं पातेल्यात कोमट करून घ्या. थंड फळं गरम चीजवर घातली तर ते मिनिटभरात आळायला लागतं. आता द्राक्षं मधोमध चढवा, रस चिरांमध्ये ओघळू द्या, अक्रोड हाताने मोडून टाका, वर जाडसर कुटलेली मिरी आणि मिठाचे दोन-चार मोठे कण.

टेबलावर

पावाचे काप अर्धा सेंटिमीटर जाड, तेलाचा हात लावून १८० अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजलेले. हे सकाळी करून डब्यात ठेवता येतात. माणशी पाच काप धरा. खारट बिस्किटं चालतात, पण फार पातळ असली तर चीजमध्येच मोडतात. नासपतीचे किंवा सफरचंदाचे कच्चे काप बाजूला असले की तोंडाला ताजेपणा येतो. ते लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढले की काळे पडत नाहीत.

भांडं ओव्हनमधून आलेलं असतं आणि गप्पांत कुणालाच ते आठवत नाही. खाली जाड लाकडी पाट ठेवा आणि काठावर दुमडलेला नॅपकिन गुंडाळा. पहिला काप यजमानानेच बुडवावा. अख्ख्या चकतीला हात लावायला पाहुणे संकोचतात, आणि इथे संकोचाची किंमत म्हणजे थंड झालेलं चीज. पंधरा-वीस मिनिटं ते ऐन भरात असतं. नंतर आळलं तर पाच मिनिटं परत ओव्हनमध्ये, पण एकदाच. खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नका.

पफ पेस्ट्रीत गुंडाळायचं असेल तर

हा प्रकार जास्त दिमाखदार, आणि इथे सूत्र थोडं बदलतं: फळ आतच जातं, म्हणून ते आधी कोरडं करणं आणखी महत्त्वाचं. ओलं फळ घातलं तर तळाची पेस्ट्री कच्ची राहते. भाजलेली द्राक्षं रस निथळून घ्या, दोन मोठे चमचे पुरेत. रस नंतर वरून वाढायला ठेवा.

गोठवलेली पेस्ट्री आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवून सैल करा. चीज मात्र वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. पेस्ट्री फुलून भाजायला वेळ लागतो, तोवर चीज वाहू नये म्हणून हा बंदोबस्त. पेस्ट्रीच्या मधोमध फळं, त्यावर चीज पालथं, आणि चारही बाजूंची पेस्ट्री वर आणून पाण्याचा हात लावून घट्ट मिटा. जास्तीची कापून टाका, कारण जाड घड्या आतून कच्च्या राहतात. मग उलटून, जोड खाली ठेवून ट्रेवर ठेवा. अंड्याचा किंवा क्रीमचा हात फिरवा, पण कापलेल्या कडांवर नको. तिथे थर चिकटले की पेस्ट्री फुलत नाही. दहा मिनिटं फ्रीजमध्ये थंड करा आणि २०० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं, गडद सोनेरी होईपर्यंत भाजा. फिकट सोनेरी म्हणजे तळ कच्चा. बाहेर काढल्यावर पूर्ण दहा मिनिटं सुरी लावायची नाही.

एकेका घासाचे अंजीर

उभ्याने गप्पा मारणाऱ्या पाहुण्यांसाठी चकतीपेक्षा हे बरं. बारा ताज्या अंजिरांना देठाकडून अधिक चिन्हासारखी चीर द्या, तळ जोडलेला राहू द्या, खालून हलकं दाबलं की ते फुलासारखं उघडतं. प्रत्येकात छोटा चमचाभर ताजं गोट चीज. ते वाहत नाही, हाच इथे त्याचा गुण. २०० अंशांवर दहा मिनिटं, बाहेर आल्यावर मध आणि मिरी. ब्लू चीज आवडणारे असतील तर त्याच पद्धतीने नासपतीच्या अर्ध्या भागात बियांच्या जागी ते भरा. नासपती आधी रिकामी पंधरा मिनिटं भाजायची, मग चीज घालून पाच.

चकतीतलं उरलेलं चीज आणि द्राक्षं एकत्रच डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. ओव्हनमध्ये पुन्हा गरम केलं तर ते तुपकट होतं. गरमागरम पास्ता निथळून त्याच्याच दोन-तीन पळ्या पाण्यात ते ढवळलं तर सालीसकट छान सॉस होतो, फक्त पातेलं आचेवरून उतरवल्यावर घाला.